दुप्पट किमतीत दुप्पट काय मिळतं? दक्षिण फ्रान्सच्या पांढऱ्या वाइनची पारख

इथे ब्रिटनमध्ये सुपरमार्केटच्या फळीवर दक्षिण फ्रान्सच्या पांढऱ्या वाइनची एक बाटली ८ पौंडांना असते, शेजारची १६ ला. त्यातली कोणती घ्यावी, हे ठरवायला थोडं रसायनशास्त्र आणि थोडं संख्याशास्त्र पुरतं.

सुरुवात आंबटपणापासून. द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं असतात. एक टार्टारिक, म्हणजे आपल्या चिंचेतलं. दुसरं मॅलिक, हिरव्या सफरचंदातलं. द्राक्ष पिकताना श्वसनात मॅलिक आम्ल खर्ची पडतं आणि ऊन जितकं कडक तितका हा खर्च जास्त. टार्टारिक बरंचसं टिकून राहतं. लाँगदॉकच्या उन्हात त्यामुळे साखर (म्हणजे पुढचं अल्कोहोल) भराभर चढते आणि आम्ल उतरतं. अशी वाइन जड आणि मिळमिळीत लागते. म्हणून तिथल्या वाइनची पहिली परीक्षा सोपी आहे: घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटतं का?

पिकपूल द पिने या परीक्षेत सहसा पास होते. पिकपूल हे द्राक्ष उष्णतेतही आपला आंबटपणा राखतं. सेत शहराजवळ खाऱ्या सरोवराकाठी हे मळे आहेत आणि त्याच सरोवरात कालवं वाढवतात. ही जोडी काही उगाच जमलेली नाही. (सुरमई फ्रायबरोबरही झकास लागते, हे माझं खासगी मत.)

दुसरी परीक्षा तापमानाची. फ्रिजमधून काढल्या काढल्या वाइनचा वास दबलेला असतो, आणि दोषही. पेला १२ अंशांपर्यंत येऊ द्या आणि मग पुन्हा हुंगा. साधी वाइन इथे उघडी पडते.

आता पैसे. ब्रिटनमधला मद्यकर अल्कोहोलवर ठरतो, किमतीवर नाही. साधारण १२.५ टक्क्यांच्या बाटलीवर तो अडीच पौंडांहून जास्त होतो, वर २० टक्के व्हॅट. म्हणजे ८ पौंडांतले निम्मे सरकारजमा, तर १६ पौंडांतले सुमारे एक तृतीयांश. काच, वाहतूक, दुकानाचा नफा हे सगळं उरलेल्यात बसवायचं. ८ च्या बाटलीत प्रत्यक्ष द्राक्षांच्या वाट्याला फारच थोडं येतं. त्यामुळे १० ते १२ पौंडांपर्यंत चढण्यात मला अर्थ दिसतो. त्यापुढे बऱ्याचदा ओकचे पैसे असतात. लिमूची पांढरी वाइन ओकच्या पिंपातच आंबवावी लागते. २२५ लिटरच्या पिंपातून ३०० बाटल्या निघतात. नवं पिंप ९०० युरोंना धरलं आणि एकदाच वापरलं, तर बाटलीमागे ३ युरो नुसत्या लाकडाचे. व्हॅनिलाचा वास आवडत नसेल तर ते कशाला द्या?

पण जीभ किमतीला भुलते. २००८ मध्ये कॅल्टेकच्या संशोधकांनी एकच वाइन वेगवेगळ्या किमती सांगून पाजली. महाग सांगितलेली लोकांना जास्त आवडली, आणि मेंदूतल्या सुखाची नोंद घेणाऱ्या भागातली हालचालही वाढली. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते!

यावर घरगुती उपाय त्रिकोणी चाचणी. कुणाला तरी तीन सारखे पेले भरायला सांगा: दोनांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला ओळखायचा. निव्वळ अंदाजाने तिनांत एकदा बरोबर येतं. सहा फेऱ्यांत चार किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता अंदाजानेही १० टक्के असते, म्हणून चारवर खूश होऊ नका. पाच किंवा सहाची शक्यता मात्र २ टक्क्यांहून कमी. तेवढं जमलं नाही, तर निदान तुमच्या जिभेसाठी ८ ची बाटली पुरेशी आहे.