शाबासकी नेमकी कोणाच्या नावावर?

वाकडला राहिलं की दोन्हीकडची गाऱ्हाणी ऐकायला मिळतात. आमच्या सोसायटीत निम्मे लोक हिंजवडीच्या आयटीतले, उरलेले माझ्यासारखे चाकण-भोसरीच्या कारखान्यांतले. कौतुकाच्या बाबतीत दुखणं मात्र एकच. शाबासकी भरपूर वाटली जाते, पण राबणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात उत्पादन सांभाळत होतो. तिथे कायझेनची, म्हणजे छोट्या-छोट्या सुधारणांची, सूचनापेटी होती. टोयोटाने 1951 साली कामगारांकडून सूचना मागवायला सुरुवात केली, त्याच वळणावरची. एका ऑपरेटरने सुचवलं, फिक्स्चरला एक पिन लावा. पिन लागली आणि पार्ट उलटा बसणंच बंद झालं, त्यापायी होणारं रिजेक्शन थांबलं. पोरगा ठेकेदाराकडचा. एचआरच्या यादीत त्याचं नाव नाही, म्हणून प्रमाणपत्र निघालं सुपरवायझरच्या नावाने. फोटो, टाळ्या, नोटीस बोर्ड, सगळं यथासांग. मी एचआरशी भांडलो, तर म्हणे सिस्टीम घेत नाही. पोरगा मला एवढंच म्हणाला, "साहेब, पुढची सूचना डायरेक्ट त्यांच्याच नावाने लिहू का?"

पुढची सूचना आलीच नाही. त्या लाइनवरच्या बाकीच्यांनीही लिहिणं सोडलं. कोणाचंच कौतुक झालं नसतं तर एवढं बिघडलं नसतं, असं माझं मत आहे.

तेव्हा नव्याने टीम हाती घेणाऱ्यांनो, बक्षीस जाहीर करण्याआधी मशीनपाशी जाऊन विचारा, हे सुचलं कोणाला? आणि आभार मानताना केलेलं काम बोलून दाखवा. "टीमने छान काम केलं" हे कोणालाच लागू पडत नाही. "रात्री आवाज बदललेला ऐकून तू मशीन थांबवलंस, म्हणून लॉट वाचला" हे ज्याचं त्याला कळतं. हे पाळी सुटायच्या आत सांगावं. महिनाअखेरच्या मीटिंगपर्यंत त्यातला जीव जातो. काही जणांना स्टेजवर बोलावलं की घाम फुटतो. त्यांना चहाच्या टेबलावर सांगितलेलं पुरतं.

आता पैशाचं. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्गकडच्या सुमारे 200 इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारून 1959 साली मांडलं, की पगार कमी पडला तर माणूस नाराज होतो आणि कामाची दखल घेतली तर खूश होतो. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे त्यांची सर्रास अदलाबदल होते. रविवारी बोलवायचं, "आपण सगळे एक कुटुंब" म्हणून भाषण द्यायचं, समोसे वाटायचे आणि ओव्हरटाइम लावायचा सिंगल दराने! 1948 च्या कारखाने कायद्यापासून दुप्पट दर ठरलेला आहे. तो न देता मानलेले आभार कामगाराला बरोबर कळतात. तीच गत दिवाळीच्या मिठाईची: परमनंटला मोठा बॉक्स, ठेकेदाराच्या माणसाला छोटा. खंडेनवमीला मशीनला हार घालताना मात्र दोघंही शेजारी उभे असतात.

सध्याच्या कंपनीत सूचनेच्या कागदावर ऑपरेटर आपलं नाव स्वतःच्या हाताने लिहितो. एम्प्लॉयी नंबर असो वा नसो, बोर्डावर तोच कागद लागतो. सुपरवायझर कुरकुरले. पिन कोणीतरी बनवून बसवावी लागतेच, त्यामुळे त्यांचंही खोटं नव्हतं. मग "अमलात कोणी आणलं" असा दुसरा रकाना काढला.