आधी तळहात बघ

नवा मोबाइल घेतलास, बरं केलंस. आता त्यातला फ्लॅश बंद कर आणि बंदच राहू दे. एवढासा दिवा, तोही लेन्सला खेटून. चेहरे पापडासारखे सपाट येतात आणि आजीच्या चष्म्यात तेवढा पांढरा ठिपका चमकतो. शिवाय तो पोचणार किती लांब? अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. नाट्यगृहात मागच्या रांगेतून फ्लॅश मारणारे बघितले की मला हसू येतं.

फोटोआधी आपला तळहात समोर धर, बोटं जरा वाकव आणि जागच्या जागी सावकाश गोल फीर. एकीकडे बोटांच्या सावल्या काळ्याकुट्ट पडतील, दुसरीकडे त्याच विरघळल्यासारख्या होतील. तिथे थांब. हाताच्या जागी माणूस उभा कर.

आपल्या घरात ती जागा म्हणजे स्वयंपाकघरातली उत्तरेची खिडकी. माणसाला खिडकीकडे पाठ करून उभं केलंस तर तो काळाच येणार. खिडकी एका गालाकडे येऊ दे, हातभर अंतरावर. दुसरा गाल फार अंधारला तर त्या बाजूला कुणीतरी पांढरं धोतर ताणून धरायचं. स्टुडिओत आम्ही थर्माकोलचा तक्ता धरायचो, काम तेच. आणि वरचा पिवळा दिवा घालव. खिडकीचा उजेड निळसर, दिव्याचा पिवळा. दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा आजारी वाटतो.

लग्नात मात्र आधी मांडवाचं कापड बघायचं. पिवळ्या कापडाखाली भर दुपारी काढलेली नवरी कावीळ झाल्यासारखी आली होती, माझ्याच हातून. तेव्हा ३६ फोटोंचा रोल, धुतल्याशिवाय काही कळायचं नाही. नवरीच्या मामांनी जे ऐकवलं ते तुला सांगण्यासारखं नाही. पुढे मी जोडप्याला मांडवाच्या कडेला आणून बाहेर तोंड करून उभं करायला लागलो. डोक्यावर सावली, समोर मोकळं आभाळ. उन्हात उभं केलं असतं तर बाराच्या सुमाराला डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि कपाळावर आठ्या, दुसरं काय!

पावसाळी ढगाळ दिवस वाया गेला असं समजू नकोस. सगळं आभाळच खिडकी होतं. फक्त फोटोत ते पांढरंफटक आभाळ फार घेऊ नकोस.

गणपतीच्या आरतीला ट्यूब घालवायला सांग, रुसतील तर रुसू देत. तबक तोंडाजवळ असतानाच फोटो घे. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकव, शेजारी छोटा सूर्य दिसला तर तो थोडा खाली ओढ, म्हणजे ज्योत फुटणार नाही. कोपरं छातीशी, खांदा दाराच्या चौकटीला, श्वास रोखून.

परवा तुझा बाबा कुरकुरत होता, कॅमेरा बिघडला, सगळं धुरकट येतं. बघितलं तर लेन्सवर भज्यांच्या तेलाचा अंगठा. सदऱ्याच्या टोकाने पुसून दिला.