हवामान-यंत्राचे सेल लवकर का संपतात?
(अभ्यासपाठ)



आपल्यापैकी काहींनी शाळेसाठी, वसतिगृहासाठी किंवा स्वतःच्या शेतावरच्या घरासाठी छोटे हवामान-यंत्र घेतले आहे. काहींनी ते आमच्या भागासाठी भेट म्हणूनही पाठवले आहे. त्याबद्दल मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : "ताई, बाहेरच्या सेन्सरचे सेल महिन्याभरातच संपतात. पुस्तिकेत तर वर्ष-दोन वर्षे चालतील असे लिहिले आहे. सेल नकली आहेत की यंत्र बिघडले आहे?" या वेळचा पाठ या प्रश्नावर आहे. हातात यंत्र आणि जवळ वही-पेन्सिल घेऊन वाचलात तर अधिक उपयोग होईल.

हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का?

सेलच्या खर्चापेक्षा मोठे नुकसान नोंदीचे होते. सातपुड्यातल्या आमच्या वसतिगृहातली मुले रोज सकाळी साडेआठ वाजता मागच्या चोवीस तासांचा पाऊस फळ्यावर लिहितात. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवसही सकाळी साडेआठलाच बदलतो, म्हणून आम्ही तीच वेळ धरली. पाड्यावरचे शेतकरी येता-जाता तो आकडा पाहतात आणि पेरणीचा, भातलावणीचा, खत टाकण्याचा अंदाज बांधतात. जुलैमध्ये सेल संपला आणि तीन रात्री यंत्र मुके राहिले, तर त्या तीन रात्रींचा पाऊस कायमचा गेला. बाजाराचे गाव लांब, रस्त्यात ओढे, नवे सेल येईपर्यंत आणखी दोन दिवस जातात. हंगामाची बेरीजही मग खरी राहत नाही. म्हणून मुलांना मी पहिला नियम हाच शिकवते : यंत्र बंद असेल त्या दिवशी शून्य लिहू नका, "नोंद नाही" असे लिहा. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

थोडे गणित

बाहेरचा सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असतो. काही सेकंदांनी तो जागा होतो, तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस पाहतो, रेडिओने घरातल्या पडद्याकडे पाठवतो आणि पुन्हा झोपतो. पाठवण्याचे काम काही मिलिसेकंदांचे असते. त्यामुळे सरासरी विद्युतप्रवाह फारच कमी लागतो.

चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये अशा सावकाश वापराला साधारण 2000 मिलिअँपिअर-तास एवढा साठा धरू या. दोन सेल एकामागे एक जोडले की व्होल्ट दुप्पट होतात, साठा मात्र तेवढाच राहतो. आता सेन्सर सरासरी 0.1 मिलिअँपिअर घेत असेल, तर 2000 भागिले 0.1 म्हणजे 20,000 तास, म्हणजे सुमारे 833 दिवस. हीच ती दोन वर्षे. पण काही कारणाने तोच सेन्सर 2.4 मिलिअँपिअर घेऊ लागला तर 833 तास, म्हणजे जेमतेम 35 दिवस. सेल तेच, यंत्र तेच. फक्त ते झोपायचे थांबले आहे. महिन्याभरात सेल संपतो तेव्हा आपल्याला शोधायचे असते ते हेच : त्याला कोण झोपू देत नाही?

तपासणी : एका वेळी एकच बदल

सेल, जागा, वायर सगळे एकदम बदलले तर यंत्र सुधारले तरी कशामुळे सुधारले हे कळत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच त्रास परत येतो. म्हणून पुढील क्रमाने जा. साध्या डिजिटल मल्टिमीटरने काम भागते.

1. काढलेला सेल मोजा. नवा अल्कलाइन सेल सुमारे 1.6 व्होल्ट दाखवतो. काढलेले दोन्ही सेल वेगवेगळे मोजा. दोन्ही 1.1-1.2 च्या खाली असतील तर ते खरोखर वापरले गेले आहेत. दोन्ही 1.45 च्या आसपास असतील तर सेल संपलेलेच नाहीत. दोष स्प्रिंगमध्ये किंवा पट्टीत आहे. एक चांगला आणि एक अगदी उतरलेला असेल तर जुना-नवा सेल एकत्र घातला गेला असण्याचा संभव मोठा. अशा जोडीत कमजोर सेल लवकर गळतो. दोन्ही सेल नेहमी एकाच जातीचे, एकाच दिवशी बदलावेत.

2. सेल कोणत्या जातीचा आहे ते पाहा. दुकानात नुसते "पेन्सिल सेल द्या" म्हटले की बहुधा साधा कार्बन-झिंक सेल मिळतो. तो भिंतीवरच्या घड्याळाला ठीक आहे, पण त्याचा साठा अल्कलाइनच्या निम्म्याहूनही कमी असतो आणि तो लवकर गळतो. "अल्कलाइन" हा शब्द सेलवर छापलेला असतो. तो वाचून घ्यावा, शेजारची तारीखही पाहावी. पत्र्याच्या दुकानात दोन उन्हाळे तापलेला सेल नवा असूनही अर्धा म्हातारा असतो. चार्जिंगचे सेल 1.2 व्होल्टचे असतात. दोन मिळून 2.4 होतात. तीन व्होल्टची अपेक्षा करणारा सेन्सर ते भरलेले असूनही "संपले" असे सांगतो. पुस्तिकेत परवानगी असेल तरच ते वापरा. 1.5 व्होल्टचे, चार्ज न होणारे लिथियम सेल महाग असतात, पण ऊन-थंडीत टिकतात आणि सहसा गळत नाहीत. त्याच आकाराचा 3.7 व्होल्टचा चार्जिंगचा लिथियम सेल मात्र चुकूनही घालू नका. यंत्र जळू शकते.

3. स्प्रिंग आणि पट्ट्या पाहा. हिरवट किंवा पांढरा थर दिसला तर सेल आधी काढा. अल्कलाइन सेल गळला असेल तर कापसाच्या काडीला थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा. कार्बन-झिंक सेल गळला असेल तर खाण्याच्या सोड्याचे पाणी वापरा. नंतर स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या. डबा उघडलाच आहे तर आत मुंग्या, पालीची अंडी, कोळ्याचे जाळे आहे का तेही बघा. आमच्याकडे मुंग्यांना सेलची खोली फार आवडते, आणि ओलसर माती सर्किटवर बसली की तिच्यातूनही थोडा प्रवाह वाहत राहतो.

4. प्रवाह मोजा. इथे खरे उत्तर मिळते. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा कागद चिकटवा. दोन्ही कागद एकमेकांना लागू देऊ नका. ही पट्टी एका सेलच्या टोकात आणि स्प्रिंगमध्ये सरकवा. मल्टिमीटर 200 मिलिअँपिअरवर ठेवून त्याची एक काडी एका कागदाला, दुसरी दुसऱ्या कागदाला लावा. आता सगळा प्रवाह मीटरमधून जातो. सुरुवातीला सेन्सर घरातल्या पडद्याशी जुळवून घेत असतो, म्हणून पाच मिनिटे थांबा. मग आकडा पाहा. मध्येच तो उडी मारेल, ते संदेश पाठवणे आहे. दोन उड्यांच्या मधला आकडा आपल्याला हवा. तो जवळजवळ शून्य असेल तर सेन्सर झोपतो आहे. तो सतत एक-दोन मिलिअँपिअर असेल तर चोर सापडला. फक्त एक सावधगिरी : प्रवाह मोजण्याच्या जागी बटण ठेवून काड्या थेट सेलच्या दोन टोकांना लावू नका, मीटरचा फ्यूज जातो.

आता पर्जन्यमापकाची वायर काढा, आकडा पाहा. ती लावून वाऱ्याची वायर काढा, पुन्हा पाहा. जी काढल्यावर आकडा पडतो, दोष तिकडे आहे.

5. रेडिओ. बहुतेक घरगुती सेन्सर एकतर्फी असतात : ते पाठवतात, पडद्याने ऐकले की नाही हे त्यांना कळत नाही. अशा सेन्सरचे सेल अंतरामुळे लवकर संपत नाहीत. संपले तर आतल्या पडद्याचे संपतात, कारण तो हरवलेला संदेश शोधत राहतो. दुतर्फी सेन्सर मात्र उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवतात. पत्र्याचे छप्पर, जाड दगडी भिंत, पाण्याची टाकी मध्ये असेल तर त्यांची जागा बदलून पाहा. परदेशातून भेट आलेल्या यंत्रांत आणखी एक गोष्ट असते : रेडिओवरून वेळ लावणारे घड्याळ. युरोपसाठी बनवलेली यंत्रे जर्मनीतून 77.5 किलोहर्ट्झवर येणारा वेळेचा संकेत शोधतात. तो साधारण 2000 किलोमीटरपर्यंत पोहोचतो, आपल्यापर्यंत नाही. सोय असेल तर हा शोध बंद करावा आणि वेळ हाताने लावावी.

6. सौर पट्टी. काही सेन्सर दिवसा उन्हावर चालतात आणि सेल फक्त रात्री किंवा दाट ढगांत वापरतात. पट्टीवर धूळ किंवा पक्ष्यांची विष्ठा बसली, झाडाची फांदी वाढून सावली आली, की सगळा भार सेलवर येतो. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसणे पुरे.

एक प्रत्यक्ष उदाहरण

आमच्या यंत्राचे सेल उन्हाळाभर उत्तम चालले. आषाढ लागला आणि चार-चार आठवड्यांत संपू लागले. सेल अल्कलाइन होते, नवे होते, स्प्रिंग स्वच्छ होती. त्याच दिवसांत पाड्यावरचे एक आजोबा फळ्यासमोर उभे राहून म्हणाले, "ताई, तुमच्या यंत्राचा पाऊस आमच्या वावरात का नाही पडला?" आदल्या दिवशी कोरडे ऊन होते आणि फळ्यावर दोन मिलिमीटर लिहिलेले होते! मुलांनी पडद्यावरचा आकडा प्रामाणिकपणे उतरवला होता. आजोबांचा तो प्रश्न हाच आमचा धागा ठरला.

प्रवाह मोजला तर तो सतत दोन मिलिअँपिअरच्या वर. पर्जन्यमापकाची वायर काढताच आकडा जवळजवळ शून्यावर आला. पर्जन्यमापकात एक छोटी दोलपाळी असते. ती भरली की उलटते, तिच्यावरचा चुंबक एक स्विच क्षणभर जोडतो आणि सेन्सर एक ठोका मोजतो. ते सगळे ठीक होते. दोष होता वायरच्या टोकाला, टेलिफोनसारख्या पिनेत. पावसाचे पाणी वायरवरून ओघळत सरळ पिनेत उतरत होते आणि पिनेच्या तारा हिरव्या पडल्या होत्या. ओलाव्यातून स्विच अर्धवट जोडल्यासारखा राहत होता. सेन्सरला वाटत होते, पाऊस चालू आहे. तो झोपतच नव्हता आणि न पडलेला पाऊसही मोजत होता.

उपाय साधा निघाला. पिना स्पिरिटने पुसल्या, वाळवल्या, जागेवर थोडे सिलिकॉन ग्रीस लावले आणि वायरला पिनेच्या आधी खाली झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते, पिनेत जात नाही. घरात येणाऱ्या विजेच्या वायरला वायरमन असाच झोळ देतो. त्यानंतर त्याच जातीच्या सेलवर पुढचा पावसाळा पार पडला. सेल खाणारा आणि नोंद खोटी करणारा दोष एकच होता, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. नुसते सेल बदलत राहिलो असतो तर यंत्र चालू दिसले असते, पण फळ्यावरचा आकडा चुकीचाच राहिला असता. आणि एकदा पाड्याचा त्या आकड्यावरचा विश्वास उडाला की बरोबर आकड्याकडेही कोणी पाहत नाही.

पुढे काय सांभाळावे

सेल घालताना त्यावर तारीख लिहा आणि वहीतही लिहा. किती दिवस चालला ही नोंद हेच उत्तम मोजमाप आहे; दिवस अचानक कमी झाले की समजावे, काहीतरी बिघडते आहे. मृग नक्षत्राच्या आधी, सेल चांगला दिसत असला तरी नवा घाला आणि एक जोडी कोरड्या डब्यात राखून ठेवा. काढलेला, थोडा जीव असलेला सेल घड्याळाला चालतो. यंत्राजवळ हाताने मोजायचा साधा काचेचा पर्जन्यमापकही ठेवा; यंत्र मुके झाले तरी नोंद तुटत नाही, आणि यंत्र खरे बोलते का तेही कळते. संपलेले सेल मुलांना खेळायला देऊ नका, चुलीत टाकू नका; बंद डब्यात साठवून शहरात संकलनाच्या ठिकाणी पोहोचवा.

गटात अभ्यासासाठी प्रश्न

1. एका सेन्सरला सरासरी 0.5 मिलिअँपिअर लागतो. 2000 मिलिअँपिअर-तासांचा सेल किती दिवस चालेल?
2. "संपलेला" म्हणून काढलेला सेल 1.48 व्होल्ट दाखवतो. तुम्ही आधी काय तपासाल?
3. कोरड्या दिवशी यंत्राने पाऊस दाखवला. सेलच्या आयुष्याशी त्याचा काय संबंध असू शकतो?
4. यंत्र दोन दिवस बंद होते. नोंदवहीत त्या दोन दिवसांपुढे काय लिहावे, आणि का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर : 4000 तास, म्हणजे सुमारे 167 दिवस. बाकीची उत्तरे पाठातच आहेत. ती मुलांना शोधू द्यावीत.