ओके बघून फसू नकोस

नेमसर्व्हर आता तुझ्या ताब्यात येतोय, म्हणून चार गोष्टी कानावर घालतो.

झोन फाइलला हात लावलास की लगेच रीलोड मारायचा नाही. आधी नेम्ड-चेककॉन्फ, मग नेम्ड-चेकझोन. फाइलमध्ये चूक असली तर रीलोड फसतो, पण बाइंड जुनाच झोन मुकाट्याने देत राहतो. साइट चालू दिसते, आपण निर्धास्त. पुढे कधीतरी कोणी मशीन रीस्टार्ट करतं आणि झोन उठतच नाही. तेव्हा बोंब होते, नि बदल कोणी केला होता ते कोणालाच आठवत नाही.

चेकझोनचा शेवटचा ‘ओके’ बघून उठू नकोस, वरच्या ओळीही वाच. एमएक्स रेकॉर्डमध्ये ‘मेल.उदाहरण.इन’ लिहिलंस आणि शेवटचं टिंब राहिलं, की बाइंड पुढे झोनचं नाव चिकटवतो: ‘मेल.उदाहरण.इन.उदाहरण.इन’. या नावाला अ‍ॅड्रेस रेकॉर्ड नाही, अशी कुरकुर तो करतो आणि तरीही झोन लोड करतो. मेल मात्र अडकते. हीच चूक एनएस रेकॉर्डमध्ये झाली तर झोन लोडच होत नाही. ते परवडलं म्हणायचं, निदान लगेच कळतं.

सिरियल नंबर वाढवायचा राहिला तर सेकंडरी जुनीच उत्तरं देत बसतो. वर्ष-महिना-दिवस आणि पुढे दोन आकडे, असे दहाच आकडे ठेव. अकरावा पडला की 32 बिटांत मावत नाही.

एनएक्सडोमेन म्हणजे ते नावच नाही. सर्व्हफेल म्हणजे नाव असेलही, पण रिझॉल्व्हरला धड उत्तर मिळालं नाही. अशा वेळी डिगला प्लस सीडी लावून पुन्हा विचार. आता उत्तर आलं तर डीएनएससेककडे बघ: सहीची मुदत संपलेली असते, नाहीतर मशीनचं घड्याळच चुकलेलं. फायरवॉलवाल्यांनाही विचार, पोर्ट 53 यूडीपीबरोबर टीसीपीवरही उघडा आहे ना? मोठी उत्तरं तिथेच अडतात.

‘नेटवर्क अनरीचेबल’च्या ओळींनी लॉग भरला आणि पुढे आयपीव्ही6चे पत्ते दिसले, तर घाबरू नकोस. त्या मशीनला आयपीव्ही6 नसेल, एवढंच.

आणि नवं रेकॉर्ड टाकायच्या आधी ‘आलंय का बघू’ म्हणून बाहेरच्या रिझॉल्व्हरला विचारू नकोस. ‘नाही’ हे उत्तरही कॅशमध्ये बसतं, आणि किती वेळ ते एसओएतला शेवटचा आकडा ठरवतो. आधी आपल्याच सर्व्हरला थेट विचार.