पिकअपने किती ओझे ओढावे?

पवना नदीकाठचे पुनावळे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्यानंतर तेथील शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आणि पाण्याच्या टँकरच्या फेऱ्याही वाढल्या. सोसायट्यांना पाणी पुरविणारे टँकर मोठे असतात. परंतु बांधकामाच्या जागी किंवा अरुंद गल्लीत थोडेच पाणी न्यावयाचे असले, की पिकअपच्या मागे चाकांची टाकी जोडण्याचा विचार पुढे येतो. आसपासच्या मुळशी व खेड तालुक्यांतील ग्रामपंचायतींपुढेही उन्हाळ्यात असाच विचार येतो. "गाडी ओढते की!" हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. सपाट रस्त्यावर पिकअप बरेच काही ओढते, हे खरेच आहे. मात्र ओढलेले ओझे तिला थांबविताही आले पाहिजे.

हिशेबाचा आरंभ नोंदणी पुस्तकापासून होतो. त्यात दोन वजने दिलेली असतात: रिकाम्या वाहनाचे आणि भारासह अनुज्ञेय असे एकूण वजन. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येनुसार रिकाम्या वजनात चालक व मदतनीस धरलेले नसतात; म्हणून त्यांचेही वजन भारात मोजावे लागते. याच अधिनियमात ट्रेलर हेही मोटार वाहनच मानले आहे, त्यामुळे चाकांच्या टाकीला स्वतंत्र नोंदणी लागते. एकूण वजनाचा आकडा अंदाजाने ठरलेला नसतो. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्था वाहनांच्या नमुन्यांची चाचणी घेतात, त्यानंतरच त्यांना मान्यता मिळते.

उदाहरणादाखल असे समजू, की एका पिकअपचे रिकामे वजन १,७०० किलो व अनुज्ञेय एकूण वजन २,९०० किलो आहे. पिकअप आणि ट्रेलर यांचे मिळून निर्मात्याने ३,८०० किलो मान्य केले आहेत. (निर्मात्याने हा तिसरा आकडा दिलाच नसेल, तर त्या गाडीला ट्रेलर जोडू नये, हिशेब तेथेच संपला.) चालक व मदतनीस यांचे १४० किलो आणि हौद्यातील पंप, पाइप व अवजारे यांचे २६० किलो धरल्यास पिकअप २,१०० किलोंची झाली. ३,८०० मधून २,१०० वजा जाता ट्रेलरसाठी १,७०० किलो उरतात. रिकामी टाकी सांगाड्यासह ६०० किलोंची असेल, तर पाणी १,१०० किलो, म्हणजे १,१०० लिटर. पण मागच्या हुकाची क्षमता १,५०० किलोच असेल, तर पाणी ९०० लिटरच भरता येईल. अनेक मर्यादांपैकी जी सर्वांत लहान, तीच खरी.

येथे शाळेतला तरफेचा धडा उपयोगी पडतो. ट्रेलर रस्त्यावर डोलू नये म्हणून त्याच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा दांडीतून हुकावर यावा असा संकेत आहे. १,५०० किलोंच्या ट्रेलरचे हे १५० किलो होतात. हुक मागच्या चाकांच्याही मागे असतो. दोन अॅक्सलमधील अंतर ३ मीटर आणि मागील अॅक्सलपासून हुक १.२ मीटर असेल, तर मागील अॅक्सलवर १५० नव्हे, २१० किलो वाढतात आणि पुढील चाकांवरचे ६० किलो कमी होतात. दिशा देण्याचे सर्व काम व थांबविण्याचे बरेचसे काम पुढची चाके करीत असल्याने ही घट किरकोळ समजू नये. शिक्षकांना हा प्रयोग फूटपट्टी व पेन्सिल घेऊन वर्गात सहज दाखविता येईल.

पाण्याचा आणखी एक दोष म्हणजे ते स्थिर बसत नाही. ९०० लिटर पाणी २,००० लिटरच्या टाकीत भरले, तर प्रत्येक ब्रेकला ते पुढे आदळते आणि वळणावर बाजूला झुकते. टाकी १,००० लिटरचीच घ्यावी व आत आडवे पत्रे असावेत.

आता उताराकडे पाहू. पिकअप व ट्रेलर मिळून ३,६०० किलोंचे झाले. वीस मीटरला एक मीटर असा उतार असेल, तर चढताना १८० किलोंइतका जोर मागे खेचतो आणि उतरताना तेवढाच पुढे ढकलतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर तो सर्व जोर पिकअपच्या ब्रेकवर येतो. वेग ताशी ३० वरून ६० किलोमीटर झाला, की थांबविण्यासाठी शोषून घ्यावी लागणारी ऊर्जा चौपट होते. ट्रॅक्टर पाच हजार लिटरची टाकी ओढतो म्हणून पिकअपनेही ओढावी असे म्हणणाऱ्यांनी ट्रॅक्टरचा वेग लक्षात घ्यावा. पुनावळ्याजवळून जाणारा मुंबई-बेंगळुरू महामार्गच पुढे पुण्यात नवले पुलाच्या उताराला जातो. तेथे २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका मालट्रकने सुमारे ४८ वाहनांचे नुकसान केले. गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये सोडल्याचे प्राथमिक तपासात आढळले होते. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि तापलेले ब्रेक एकटे पडतात.

पाण्याचे वजन लिटरवरून तरी कळते. वाळूचे तसे नाही. बांधकामावर ती ब्रासने मोजली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. कोरडी वाळू घनमीटरला १,६०० किलो धरली, तरी ब्रासचे साडेचार टन होतात. ओली वाळू त्याहून जड. वरील पिकअपमध्ये अवजारे काढून केवळ दोन माणसे बसविली, तर मालासाठी १,०६० किलो उरतात. पाव ब्रास वाळू सुमारे १,१३० किलोंची भरते. म्हणजे पाव ब्राससुद्धा तीत नियमाने बसत नाही, अर्ध्या ब्रासची गोष्ट दूरच.

यावर उपाय वजनकाट्याचा. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात ते ठिकठिकाणी आहेत. ग्रामपंचायतीने टाकी करून घेतल्यावर प्रथम ती रिकामी तोलावी, कारण स्थानिक कारखानदाराने सांगितलेले वजन बहुधा अंदाजाचे असते. मग भरलेली टाकी, मागील अॅक्सल आणि संपूर्ण जोडगाडी अशी निरनिराळी वजने घेऊन ती चालकाजवळील वहीत नोंदवावीत.

ज्यादा भाराबद्दल अधिनियमाच्या कलम १९४ अन्वये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनास दोन हजार रुपये दंड आहे. जादा माल उतरविण्याचा खर्च वेगळा. चालक स्वतः मालक नसेल, तर हा भार मालकाच्या माहितीने किंवा आदेशाने भरला गेला असे न्यायालय कलम ११३ अन्वये गृहीत धरू शकते. टँकर ग्रामपंचायतीचा असेल, तर मालक ग्रामपंचायतच असते.