दुकानातून रेल्वे तिकीट काढून देताय? आधी हे वाचा

झेरॉक्सचं दुकान टाकलं की गिऱ्हाईक विचारतंच, "एक तिकीट काढून द्या ना." आपण स्वतःच्या आयडीवरून काढतो, वर ५० रुपये घेतो. इथेच चूक होते. वैयक्तिक आयडी धंद्यासाठी नसतो. परवानगीशिवाय तिकिटांचा धंदा करणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ नुसार गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड. हे कलम ऑनलाइन तिकिटांनाही लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय.

मग करायचं काय? आयआरसीटीसीचे अधिकृत एजंट व्हा. मोठी बुकिंग अ‍ॅप्ससुद्धा तिच्याच परवानगीने तिकिटं विकतात. एजंटला एका तिकिटामागे नॉन-एसीला २०, एसीला ४० रुपयांपर्यंतच सेवाशुल्क घेता येतं. तत्काळ सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास एजंटला बुकिंग बंद असतं, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

कमाई थोडी आहे, पण तिकिटाला आलेला माणूस झेरॉक्स, लॅमिनेशनलाही तुमच्याकडेच येतो. खरा फायदा तिथे आहे. ५० रुपयांसाठी अख्खं दुकान पणाला लावू नका!