वसंतातला बर्फ दुपारी घसरतो

प्रश्न : एप्रिलअखेर आम्ही मित्र मनालीच्या वरच्या भागात बर्फातला ट्रेक करणार आहोत. तेव्हा बर्फवृष्टी बरीच ओसरलेली असते. तरी हिमस्खलनाचा धोका असतो का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : असतो, आणि स्वच्छ उन्हाच्या दुपारी तो वाढतो. वितळलेलं पाणी थरांत झिरपून बर्फाच्या कणांची पकड सैल करतं. मग 30 ते 45 अंशांच्या उतारावरचा ओला बर्फ स्वतःच्याच वजनाने सुटतो. सिक्कीममध्ये नथू-लाच्या रस्त्यावर 4 एप्रिल 2023 रोजी भर दिवसा हिमस्खलन होऊन 7 पर्यटकांचा जीव गेला.

आदली रात्र कशी गेली, हे सर्वांत महत्त्वाचं. आकाश निरभ्र आणि थंडी कडक असेल तर बर्फ पुन्हा गोठतो, पहाटे बूट रुतत नाहीत. ढगाळ, उबदार रात्रीनंतर मात्र सकाळही भरवशाची नसते. त्या दिवशी तीव्र उतारावर जाऊच नका. पूर्वेकडचे उतार आधी तापतात, हेही ध्यानात ठेवा. बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले किंवा पाय घोट्याच्या वर रुतू लागले, की मागे फिरा, खिंड कितीही जवळ दिसो. घसरून थांबलेला ओला बर्फ सिमेंटसारखा आवळतो. गाडलेल्या माणसाच्या हाती मोजकी मिनिटं असतात.

संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते निघण्याआधी पाहा. आयोजकाला पहाटे निघण्याची वेळ विचारा. ऊन चढण्याआधी उतार पार होणार नसेल, तर पैसे भरू नका.